आंब्याच्या पेटीवरचा लोगो व्हेक्टर करताना

लोगो व्हेक्टर करायचा, म्हणजे कितीही मोठा केला तरी न धुरकटणाऱ्या रेषांच्या आकारात बदलायचा, तर व्हॉट्सॲपवर आलेला जेपीजी घेऊन बसू नका. त्याच्या कडा धुरकट असतात आणि ट्रेसमध्ये, म्हणजे चित्रावरून सॉफ्टवेअर आपोआप रेषा काढतं तेव्हा, काठ नागमोडी होतात. देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराकडे जुनी छापील पेटी बहुधा सापडते. तिच्यावरचा लोगो कापून ६०० डीपीआयला स्कॅन करा.

इंकस्केप या मोफत व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये चित्र निवडून पाथ मेनूतलं ट्रेस बिटमॅप उघडा. एकरंगी लोगोला सिंगल स्कॅन, ब्राइटनेस कटऑफ. थ्रेशोल्ड (किती गडद भाग काळा धरायचा ती मर्यादा) ०.४५च्या आसपास ठेवा. बारीक रेषा तुटल्या तर वाढवा, अक्षरांच्या पोकळ्या बुजल्या तर कमी करा. स्पेकल्स वाढवलं की पुठ्ठ्याचे डाग जातात, पण बारीक मजकुरातला अनुस्वारही जाऊ शकतो.

रंगीत हापूस असेल तर मल्टिपल स्कॅन, कलर्स. ३-४ रंग पुरेत, जास्त ठेवलेत तर केशरीच्याच नको तितक्या छटा निघतात. स्टॅक चालू ठेवा, नाहीतर रंगांमध्ये फट दिसते.

मजकूर मात्र ट्रेस करूच नका, शिरोरेखा हमखास लाटा खाते. युनिकोड फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करून ऑब्जेक्ट टू पाथ द्या, म्हणजे अक्षरांचे आकार होतात. तसं न केल्यास छापखान्यात फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. ट्रेसमधून निघालेला नवा आकार मूळ चित्रावरच बसतो, तो सरकवून खालचं स्कॅन डिलीट करा आणि मगच पीडीएफ काढा.