सर्व्हर तयार झाला की नाही, हे सॉकेटवरून कसे तपासावे

बॅकग्राउंडला सर्व्हर सुरू करून लगेच त्याच्याशी बोलणारी स्क्रिप्ट लिहायला घेतली, की 'मध्ये स्लीप 10 टाक' हा सल्ला हमखास मिळतो. तो मुळीच ऐकू नये. वेगवान मशीनवर त्यात दर वेळी कित्येक सेकंद फुकट जातात आणि मशीनवर ताण असेल त्या दिवशी ते दहा सेकंदही पुरत नाहीत. सर्व्हर तयार आहे का, हे सॉकेट (नेटवर्क जोडणीचे आपल्या प्रोग्रामकडचे टोक) उघडून सर्व्हरलाच विचारावे. येथे सर्व्हर म्हणून पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि रेडिस हा मेमरीत डेटा ठेवणारा सर्व्हर घेतले आहेत आणि स्क्रिप्ट पायथनमध्ये आहे असे धरले आहे.

सर्व्हर 'सबप्रोसेस.पीओपन'ने सुरू करावा, मिळालेला ऑब्जेक्ट जपून ठेवावा आणि सर्व्हरचा लॉग फाइलमध्ये सोडावा. तो पाइपमध्ये सोडून कोणी वाचलाच नाही, तर पाइप भरताच सर्व्हर लिहिता लिहिता अडकून बसतो.

त्यानंतर जोडणीचा लूप. 'सॉकेट.क्रिएट_कनेक्शन'ला 127.0.0.1 (म्हणजे आपलेच मशीन), पोर्ट (सर्व्हर ज्या क्रमांकावर ऐकतो तो) आणि एक सेकंदाचा टाइमआउट द्यावा. जोडणी नाकारली गेली तर 0.1 सेकंद थांबून नव्या सॉकेटने पुन्हा प्रयत्न करावा. एकूण मुदत, समजा 30 सेकंद, 'टाइम.मोनोटॉनिक'ने मोजावी. मशीनच्या घड्याळातल्या वेळेवर विसंबू नये, कारण ती मध्येच मागेपुढे सरकवली जाऊ शकते. प्रत्येक फेरीत 'पोल' करून आपली प्रोसेस जिवंत आहे का ते पाहावे. ती मेली असेल तर उरलेली मुदत वाट पाहण्यात अर्थ नाही, लॉगच्या शेवटच्या ओळी छापून तेथेच थांबावे. ही तपासणी जोडणी यशस्वी झाल्यावरही करावी. आदल्या वेळचा सर्व्हर त्याच पोर्टवर ठाण मांडून बसलेला असेल, तर नवा सर्व्हर पोर्ट मिळाला नाही म्हणून बंद पडतो आणि जुना मात्र खुशाल उत्तर देतो.

येथवर सगळे सोपे आहे, आणि बहुतेक मार्गदर्शक लेख येथेच 'झाले' म्हणून मोकळे होतात. मला सर्वांत जास्त छळले ते यापुढच्या टप्प्याने. जोडणी झाली म्हणजे सर्व्हर तयार झाला, असे नव्हे. सर्व्हरने 'लिसन' (पोर्टवर ऐकायला सुरुवात) म्हटले, की त्यापुढे टीसीपीचा हँडशेक, म्हणजे जोडणी जुळवणारी सुरुवातीची देवघेव, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) परस्पर पुरा करतो. सर्व्हरने अजून 'अ‍ॅक्सेप्ट' करून जोडणी हातात घेतलेली नसली तरी आपली जोडणी रांगेत उभी राहते आणि आपल्याकडे यश परत येते. दवाखान्यात कंपाउंडरने नंबर लावून घेतला म्हणून डॉक्टर आले आहेत असे आपण समजत नाही, तसेच हे आहे.

पोस्टग्रेसचे पाहा. तो 5432 पोर्ट उघडून बसतो, पण आधी अचानक बंद पडला असेल तर रिकव्हरी (डेटा सावरण्याचे काम) संपेपर्यंत येणाऱ्याला '57पी03' या कोडची चूक परत करतो: डेटाबेस अजून सुरू होत आहे. म्हणून नुसत्या जोडणीवर समाधान न मानता 'पीजी_इझरेडी' ही पोस्टग्रेसचीच तपासणी आज्ञा चालवावी. तिचा एक्झिट कोड (संपताना ती परत देते तो आकडा) 0 आला तर सर्व्हर जोडण्या घेत आहे, 1 आला तर तो उठला आहे पण नकार देत आहे, आणि 2 आला तर उत्तरच नाही. 1 हे अपयश समजून स्क्रिप्ट बंद करू नये. तेथे थांबायचेच असते.

रेडिसमध्ये हे हाताने करून पाहण्यासारखे आहे. 6379 पोर्टवर जोडून 'पिंग' आणि ओळ संपवणारी दोन अक्षरे पाठवावीत. तयार सर्व्हरकडून अधिक चिन्हाने सुरू होणारे 'पाँग' येते. डेटा अजून मेमरीत चढत असेल तर वजा चिन्हाने सुरू होणारे 'लोडिंग' येते. दोन्ही वेळी जोडणी तितकीच यशस्वी असते. उत्तर एका 'रिसीव्ह'मध्ये पुरे येईलच असे गृहीत धरू नये, ओळ संपेपर्यंत वाचावे. वाचण्यालाही टाइमआउट असावाच. नाहीतर रांगेत उभी राहिलेली आपली जोडणी स्क्रिप्टसकट तेथेच लटकते.

डॉकर (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन) मध्ये आला की फसगत वाढते. बाहेर काढलेल्या पोर्टवर बऱ्याचदा डॉकरचा स्वतःचा प्रॉक्सी (मधला दलाल) बसलेला असतो. आतला सर्व्हर उठण्यापूर्वीच तो जोडणी घेतो आणि लगेच बंद करतो. म्हणून 'रिसीव्ह'मधून शून्य बाइट आले, तर ते 'तयार नाही' असेच धरावे. पोस्टग्रेसची अधिकृत इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) रिकाम्या डेटा डिरेक्टरीवर पहिल्यांदा चालते तेव्हा आधी एक तात्पुरता सर्व्हर फक्त युनिक्स सॉकेटवर (नेटवर्कऐवजी त्याच मशीनपुरता असणारा सॉकेट) उठवते, त्यात प्राथमिक मांडणी करते, तो बंद करते आणि मग खरा सर्व्हर सुरू करते. कंटेनरच्या आत होस्ट न देता चालवलेले 'पीजी_इझरेडी' त्या तात्पुरत्या सर्व्हरलाच तयार समजते आणि पुढच्याच क्षणी आपली क्वेरी आपटते. होस्ट म्हणून 127.0.0.1 दिले की ही भानगड मिटते.

एक विचित्र प्रकार क्वचित दिसतो. लिनक्सवर आपला पोर्ट 32768 ते 60999 या नेहमीच्या तात्पुरत्या पट्ट्यात असेल आणि त्यावर कोणीच ऐकत नसेल, तर वारंवार जोडणाऱ्या लूपला कर्नल कधीतरी नेमका तोच पोर्ट स्वतःच्या टोकासाठी देतो आणि सॉकेट स्वतःलाच जोडला जातो. सर्व्हरसाठी या पट्ट्याखालचा पोर्ट घ्यावा. ते शक्य नसेल तर दोन्ही टोकांचे पत्ते एकच नाहीत ना, हे तपासावे.

सर्व्हर आपणच लिहीत असाल तर बरीचशी डोकेदुखी मुळातच टळते: कॉन्फिगरेशन, डेटा, डेटाबेसच्या जोडण्या हे सारे आधी उरकावे आणि 'लिसन' सर्वांत शेवटी म्हणावे. सिस्टमडी (लिनक्सवर सेवा सुरू करून सांभाळणारा प्रोग्राम) याच्याखाली चालवायचा असेल तर टाइप 'नोटिफाय' ठेवून, 'नोटिफाय_सॉकेट' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये मिळणाऱ्या पत्त्यावर 'रेडी=1' पाठवावे; मग त्याच्यानंतर सुरू व्हायच्या ठरवलेल्या सेवा तो संदेश येईपर्यंत थांबतात आणि वाट पाहणारा लूप कोणालाच लिहावा लागत नाही.