मालिकेतला ‘सायको’ घरी बसून कसा पारखायचा

आमच्या खानापुरात संध्याकाळी एका घरात कन्नड मालिका लागते, शेजारी मराठी. खलनायक मात्र दोन्हीकडे एकच. एकटाच हसतो, भिंतीशी बोलतो, आणि तोच महिनोन्महिने डाव रचून पोलिसांना झुलवतो. मी धारवाडला मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स होते. असा माणूस मला तिथं दिसला नाही. मालिकावाल्यांनी दोन वेगळी माणसं एकत्र शिवलेली असतात. ती शिवण उसवायची कशी ते सांगते.

आधी बघा, त्याला नसलेले आवाज ऐकू येतात का, सगळे आपल्या जिवावर उठलेत असं वाटतं का. तसं असेल तर तो सायकोसिस. स्किझोफ्रेनिया या मनोविकारात हेच होतं. हा माणूस स्वतःच घाबरलेला असतो. झोप उडते, जेवणाचं, अंघोळीचं भान राहत नाही. पडद्यावरचा तो थंड, लांबलचक कट त्याच्या हातून कुठला व्हायला? बहुतेक रुग्ण कुणाच्या अंगावर जात नाहीत, उलट मार खायची नि फसवलं जायची पाळी त्यांच्यावरच जास्त येते. औषधं नियमित घेऊन शेतीची, दुकानाची कामं परत करू लागलेली माणसं मी बघितली आहेत. त्यांच्या दारासमोरून जाताना पोरं ‘सायको, सायको’ म्हणून ओरडतात तेव्हा माझा जीव तुटतो.

दुसरा माणूस म्हणजे सायकोपॅथ. त्याला भास होत नसतात. खरं-खोटं त्याला पक्कं कळतं, समोरच्याचं दुःख तेवढं आत पोचत नाही. अमेरिकेतल्या हर्वी क्लेक्ली या मनोविकारतज्ज्ञांनी १९४१ मध्ये अशा माणसांची सविस्तर वर्णनं छापली. त्यातले बरेच जण खुनी नव्हतेच. गोड बोलणारे, सहज खोटं बोलणारे, पैसे बुडवणारे, कुठल्याच कामावर न टिकणारे. म्हणून मालिका बघताना खून बाजूला काढा आणि विचारा, याचं बाकीचं आयुष्य कुठं आहे? प्रेमभंग झाला आणि एका रात्रीत सायकोपॅथ झाला, असं दाखवलं की ते खोटं समजा. ही वळणं लहानपणापासून दिसत आलेली असतात. जवळचं अधिकृत निदान आहे समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकार. तेसुद्धा १८ वर्षांच्या आत देत नाहीत, आणि १५ च्या आधीपासून वागण्यातल्या गंभीर तक्रारी असाव्या लागतात.

सायकोपॅथ फार बुद्धिमान असतो, हेही पटकथेतलंच.

मालिकेतला डॉक्टर दोन मिनिटांत निदान सांगतो ना, तिथं थांबा. सायकोपॅथ ओळखायला कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी केलेल्या तपासणी-यादीत २० मुद्दे आहेत, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण ४०. प्रशिक्षित माणूस लांब मुलाखत घेतो, जुनी कागदपत्रं तपासतो, मग गुण देतो. म्हणून ‘आक्का, आमचा जावई तसलाच हाय बघा’ असं कुणी म्हणालं की मी लगेच अडवते.

कोर्टाचा प्रसंग आला तर आणखी एक बघा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ प्रमाणे मनोविकृतीमुळे आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, हेच ज्याला त्या वेळी कळत नव्हतं त्याला सूट आहे. सायकोपॅथला ते कळत असतं. ‘वेडा आहे’ म्हणून तो सुटला असं दाखवलं, तर घरातल्यांना तिथंच समजावून सांगा.

आणि टीव्ही बंद केल्यावर: घरात कुणाला भास होत असतील तर ‘धारवाडला पाठवा’ असले टोमणे नकोत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही. धारवाडचं डिम्हान्स हे सरकारी मनोरुग्णालय आपल्याला जवळ आहे, तिथं निःसंकोच जा. घरात मारहाण होत असेल तर मारणारा सायकोपॅथ आहे की नाही हे ठरवत बसू नका; ११२ लावा.