बॅग सगळ्यात शेवटी: घरच्या बॉक्सिंगचं सामान कसं निवडावं

"काय हो, रोज सकाळी सातला काय कांडता? मसाला?" वरच्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्ये विचारलं, तेव्हा माझी बॅग टांगून जेमतेम आठवडा झाला होता. मला वाटत होतं आवाज गेलाच तर खाली जाईल. पण आपलं छत ही वरच्यांची जमीन. बॅग स्लॅबला टांगली की प्रत्येक पंचाचा हादरा तिकडेच जातो. काकूंच्या देव्हाऱ्यातली छोटी घंटा माझ्या उजव्या हुकबरोबर, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या पंचाबरोबर, किणकिणत होती म्हणे.

बॅग होती पाच फुटी. तळाशी रेती भरलेली, आणि ती रेती बसून अर्धी बॅग दगड झालेली. सोबत "सेटमध्ये फ्री" मिळालेले ग्लोव्हज. तिसऱ्या आठवड्यात मनगट सुजलं आणि पुढचा महिनाभर चहाचा कपसुद्धा डाव्या हाताने धरला. या सगळ्यातून कळलं ते एवढंच की आपण खरेदी उलट्या क्रमाने करतो. बॅग डोळ्यांत भरते म्हणून ती आधी घेतो. खरा क्रम असा: आधी घर बघायचं, मग हातांची सोय करायची, मग बॅग.

पायरी १: दुकानात जाण्याआधी छताकडे बघा

ठाण्या-नवी मुंबईत घरं एका जातीची नाहीत आणि बॅगेचा निर्णय यावरच ठरतो. घोडबंदर रोडच्या बऱ्याच नव्या टॉवर्समध्ये मायवान पद्धतीचं बांधकाम आहे, म्हणजे भिंतीही आरसीसीच्या. अशा भिंतीवर लोखंडी ब्रॅकेट उत्तम बसतो. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत भिंत विटांची असते, तर मधल्या काळातल्या अनेक इमारतींत पोकळ किंवा हलक्या ब्लॉकची. हलक्या ब्लॉकमध्ये अँकर, म्हणजे भोकात रुतून बसणारा बोल्ट, सुरुवातीला घट्ट वाटतो आणि धक्के बसून बसून महिन्याभरात खुळखुळतो. तिथे फक्त बीम किंवा कॉलमचाच विचार करा. वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको घरांत आधी स्लॅब तपासा. पोपडे सुटलेत, गंजाचे तांबूस डाग दिसतायत किंवा पावसाळ्यात ओल येते, यातलं एक जरी असेल तर त्या छताला काहीही टांगू नका.

काही टॉवर्समध्ये स्लॅब पोस्ट-टेन्शन केलेला असतो, म्हणजे आत ताणलेल्या पोलादी केबल्स असतात. तिथे ड्रिल मारणं म्हणजे इमारतीच्या नसेला हात घालणं. आपला स्लॅब कोणत्या प्रकारचा आहे हे सेक्रेटरीला किंवा बिल्डरच्या माणसाला विचारा. विचारायला लाज वाटत असेल तर टांगायची बॅग घेऊच नका.

पंख्याचा हुक, दरवाजाच्या चौकटीतला पुल-अप बार आणि पीओपीचं फॉल्स सीलिंग, या तिन्हींना बॅग टांगायची नाही. पंखा असतो तीन-चार किलोचा आणि जागेवर फिरतो. बॅग असते तीस-चाळीस किलोची आणि झोके घेते.

जागेचा हिशोब सोपा आहे. बॅगेभोवती सगळीकडे निदान चार फूट मोकळे हवेत, कारण बॉक्सिंग म्हणजे बॅगेभोवती फिरणंही असतं. दहा बाय दहाच्या खोलीत पलंग आणि कपाट असेल तर टांगती बॅग विसरा, पुढे दुसरे पर्याय दिलेत. आणि वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. काकूंशी माझा तह झाला तो साडेसातनंतरच्या वेळेवर. तोच आधी झाला असता तर लिफ्टमध्ये मान खाली घालावी लागली नसती.

पायरी २: पहिली खरेदी, हँड रॅप

हँड रॅप म्हणजे ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळायची पट्टी. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू. हाताच्या पंजात लहान हाडांची गर्दी असते आणि बोटांच्या मुळाशी असलेली लांब हाडं बारीक असतात. करंगळीच्या मुळाचं हाड चुकीच्या पंचने मोडतं. ते इतकं नेहमीचं आहे की डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात. पंच तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर बसला पाहिजे आणि अंगठा मुठीच्या बाहेर हवा. पट्टी ही सगळी हाडं एका जुडीत बांधून ठेवते.

मोठ्यांसाठी १८० इंची, म्हणजे साधारण साडेचार मीटरची पट्टी घ्या. १२० इंची पट्टी मुलांसाठी ठीक आहे, मोठ्या हाताला ती मनगटावर संपते. किंचित ताणली जाणारी पट्टी हाताला चांगली बसते. अगदी साधी सुती पट्टी धुतल्यावर आखडते आणि बांधल्यावर सैल पडते. एकदम दोन जोड घ्या. आपल्या दमट हवेत एक जोड दुसऱ्या दिवसापर्यंत वाळेलच असं नाही.

बांधताना बोटं फाकवून ताठ ठेवा. पट्टीचा फास अंगठ्यात अडकवा, पट्टी हाताच्या मागच्या बाजूने न्या आणि मनगटाला तीन वेढे द्या. मग वर येऊन गाठींवरून तीन वेढे. त्यानंतर करंगळी-अनामिकेच्या फटीतून, मग अनामिका-मधल्या बोटाच्या आणि शेवटी मधलं बोट-तर्जनीच्या फटीतून एकेक फेरा. प्रत्येक फेऱ्याला पट्टी मनगटाकडे तिरकी परत येते. अंगठ्याला एक वेढा, पुन्हा गाठींवरून दोन, आणि उरलेली पट्टी मनगटावर गुंडाळून वेल्क्रो. आता मूठ वळा. वळल्यावर घट्ट आणि उघडल्यावर सैल वाटली की जमलं. बोटांची टोकं निळसर झाली तर सोडून पुन्हा बांधा. पहिले आठ-दहा दिवस यालाच पाच मिनिटं लागतात, नंतर टीव्ही बघताबघता होतं.

पायरी ३: ग्लोव्हज, आणि तेही रॅप बांधून

ग्लोव्हजचं माप औंसात असतं, पण तो हाताचा आकार नाही, ग्लोव्हचं वजन आहे. १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, म्हणजे १२ औंसचा एक ग्लोव्ह साधारण ३४० ग्रॅमचा. औंस जास्त म्हणजे बहुधा गादी जास्त. घरच्या बॅगेसाठी ६० किलोच्या आतल्यांना १० किंवा १२, साठ ते पंचाहत्तर किलोवाल्यांना १२ किंवा १४ आणि त्यावरच्यांना १४ किंवा १६ औंस. मुलांना ६ किंवा ८. पुढे कुणाशी स्पारिंग करायचा विचार असेल तर १६ औंसचा जोड वेगळा लागेल. बॅगेवर कुटलेला कडक ग्लोव्ह समोरच्याच्या तोंडावर वापरायचा नसतो.

दुकानात जाताना आपली पट्टी खिशात न्या आणि ती बांधूनच ग्लोव्ह घालून बघा. नुसत्या हाताला बरोबर बसणारा ग्लोव्ह घरी पट्टीवर चढत नाही. आत बोटांची टोकं शेवटाला हलकी टेकली पाहिजेत आणि मूठ जोर न लावता वळली पाहिजे. मग गाठींवरची गादी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबा. आतल्या गाठी हाताला लागल्या तर ग्लोव्ह परत ठेवा, कितीही चमकत असला तरी. माझा "फ्री" ग्लोव्ह या परीक्षेत दहा सेकंदांत नापास झाला असता. मनगटाचा पट्टा रुंद आणि ताठ हवा. घरी एकट्याने करायचं असेल तर वेल्क्रोच घ्या, नाडी बांधायला दुसरा माणूस लागतो.

अस्सल चामडं टिकतं, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला जपावं लागतं. नवशिक्याला पहिल्या वर्षी चांगल्या शिवणीचं कृत्रिम चामडं पुरतं. देशातलं बरंचसं क्रीडासाहित्य मेरठ आणि जालंधरचं असतं, तेव्हा लेबलपेक्षा शिवण बघा. हातात घेऊन चार जोड ताडून बघायचे असतील तर एक सकाळ काढून सीएसएमटीला उतरा आणि चालत धोबी तलावला जा. क्रीडासाहित्याची दुकानं तिथे एकमेकांना लागून आहेत. ऑनलाइन घेतलंत तर अंगठ्याची परीक्षा परत पाठवायच्या मुदतीतच उरका.

पायरी ४: आता बॅग

टांगत्या बॅगेचं वजन आपल्या वजनाच्या साधारण निम्मं असावं असा ढोबळ हिशोब आहे. ७० किलोच्या माणसाला ३५ किलोच्या आसपास. हलकी बॅग प्रत्येक पंचला पळते आणि तुम्ही तिच्या मागे धावता. फार जड बॅग हलतच नाही, मग सगळा धक्का मनगट आणि खांदा खातो. नुसतं बॉक्सिंग करायचं तर साडेतीन-चार फूट लांबी आणि बारा ते चौदा इंच व्यास पुष्कळ झाला. पाच-सहा फुटी बॅग लाथा मारणाऱ्यांसाठी, किकबॉक्सिंगवाल्यांसाठी. मी ती का घेतली? दुकानात उभी केलेली छान दिसत होती.

भाड्याचं घर असेल किंवा ड्रिलची परवानगी नसेल तर स्टँडवर उभी राहणारी बॅग घ्या. तिच्या बुडात पाणी किंवा रेती भरतात. पाणी सोपं, रेती त्याहून बरीच जड. घराच्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आखलेला असतो, म्हणून मोठं बुड काठोकाठ रेतीने भरून खोलीच्या मधोमध ठेवू नका, भिंतीच्या कडेला ठेवा. खाली जाड रबरी मॅट हवंच, कारण ही बॅग खालच्या मजल्याशी बोलते. खोली अगदीच लहान असेल तर वर-खाली रबराने ताणलेला डबल-एंड बॉल घ्या. त्याला ताकद लागत नाही, नजर लागते, आणि आवाजही कमी. डोक्याला पट्टा लावून दोरीचा चेंडू मारायचं ते खेळणं मात्र मुलांना द्या.

पायरी ५: रिकामी आणा, घरी भरा

भरलेली बॅग रिक्षात मावत नाही आणि आत काय भरलंय ते दिसत नाही. रिकामी घ्या. भरायला कपड्यांच्या चिंध्या आणि कात्रण लागतं. शिंप्याला सांगून ठेवलं तर पंधरा दिवसांत गोणी जमते. जीन्सच्या व्यवसायासाठी उल्हासनगर इथून जवळच, आणि जीन्सचं कात्रण जड असल्यामुळे बॅगेला झकास. बटणं, चेन, हुक हे सगळं आधी कापून काढा. एक विसरलेलं बटण बरोबर तुमच्या गाठीखाली येतं.

सहा इंचाचा थर टाका आणि क्रिकेटच्या स्टंपने ठोकून बसवा, मग पुढचा थर. कडेला मऊ कापड, जड तुकडे मध्यभागी. चार फुटी, चौदा इंची बॅग नीट ठोकून भरली तर तीस-चाळीस किलोपर्यंत जाते. वजन कमी पडलं तर रेतीच्या दोन-दोन किलोच्या पिशव्या दुहेरी प्लॅस्टिकमध्ये चिकटपट्टीने बांधून, कापडात गुंडाळून मधोमध ठेवा. सुटी रेती कधीच ओतू नका. ती खाली उतरते, तळ दगड होतो आणि वरचा भाग उशी. दोन आठवड्यांनी बॅग वरून चार बोटं रिकामी दिसेल. पुन्हा भरा.

पायरी ६: टांगणं

हे काम स्वतः करू नका, पण करणाऱ्याच्या शेजारी उभे राहा. रावळ प्लग पडद्याच्या रॉडसाठी असतात. इथे १० किंवा १२ मिलिमीटरचे अँकर फास्टनर आणि चार भोकांची जाड प्लेट हवी. बीमला लावायचं असेल तर पोटाला नाही, बाजूला भोक घ्या. बीमच्या पोटात मुख्य सळया असतात, शिवाय बाजूला लावलेला अँकर सरळ उपसला जात नाही. स्लॅबमधून विजेचे पाइप गेलेले असतात, तेव्हा पंख्याच्या पॉइंटपासून बटणांच्या बोर्डापर्यंतची रेघ टाळा. दुपारी ड्रिल चालत नाही असा बहुतेक सोसायट्यांचा नियम असतो, कारागिराला सकाळीच बोलवा.

साखळी आणि हुक यांच्यामध्ये बॅगेच्या वजनाला पेलणारी स्प्रिंग टाका. माझ्या मते ग्लोव्हजनंतर सगळ्यात वसूल होणारा पैसा हाच. काकूंची घंटा थांबली ती स्प्रिंगमुळे. उंची अशी ठेवा की बॅगेचा तळ कमरेच्या पट्ट्याच्या जवळ येईल आणि तुमच्या हनुवटीइतक्या उंचीवर मारायला बॅग उरेल.

बाकीचं थोडक्यात

दोरीच्या उड्यांसाठी दोरी घ्या, पण उड्या मॅटवर मारा. मोबाइलवर तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिट विश्रांती लावा, हौशी स्पर्धांत असंच चालतं. पहिल्या महिन्यात दोन मिनिटांच्या फेऱ्याही छातीचा भाता करतात. हेडगार्ड आणि माउथगार्ड एकट्याने बॅग मारणाऱ्याला लागत नाहीत, बॅग उलट मारत नाही. मनगट दुखलं तर थांबा. मी "उतरेल दोन दिवसांत" म्हणत दुखऱ्या हाताने मारत राहिलो, महिना गेला तो त्यामुळे.

पावसाळा

जून ते सप्टेंबर बॅग बाल्कनीत ठेवू नका. खाडीकडच्या हवेने साखळी गंजते आणि चिंध्या ओल धरल्या की बॅगेला येणारा वास कशानेही जात नाही. ग्लोव्हज वापरून झाले की कोरड्या फडक्याने आतून पुसा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली तोंड उघडं ठेवून वाळवा. बंद बॅगेत किंवा कपाटात टाकलेत तर चार दिवसांत पांढरी बुरशी धरेल. कडक उन्हातही ठेवू नका, चामडं तडकतं. पट्ट्या दर दोन वापरांनी धुवा.

प्लेटचे नट घट्ट केले त्या दिवशी प्रत्येक नटावरून प्लेटपर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवा. महिन्यातून एकदा स्टुलावर चढून बघा. नटावरची रेघ आणि प्लेटवरची रेघ जुळत नसेल तर नट सैल झालाय, त्या दिवशी बॅग उतरवून ठेवा आणि कारागिराला फोन करा.