ग्लो इंजिन हवेत तापू नये म्हणून नीडल कशी लावावी

मॉडेल विमानाचं जमिनीवर झकास फिरणारं इंजिन विमान वर गेल्यावर आवाज पाडतं आणि बंद पडतं. अशा वेळी बहुधा त्याला इंधन कमी पडत असतं. ग्लो इंजिनाला, म्हणजे ग्लो प्लगच्या तापलेल्या तारेवर इंधन पेटवणाऱ्या या छोट्या इंजिनाला, इंधनही थंड ठेवतं: मेथॅनॉलची वाफ होताना उष्णता शोषली जाते, आणि वंगणाचं तेलही त्याच इंधनात मिसळलेलं असतं. मिश्रण लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडलं, की थंडावा आणि वंगण दोन्ही एकदम घटतात. इथे ४६ साइजचं, म्हणजे साधारण ७.५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन धरलं आहे.

नीडल म्हणजे कार्ब्युरेटरमधला इंधनाचा स्क्रू: घट्ट केला की इंधन कमी, सैल केला की जास्त. तिला हात लावण्याआधी इंधनाच्या नळ्या पाहा. बारीक चीर पडली असेल तर नळी हवा ओढते, मग नीडल कितीही फिरवा, इंजिन स्थिर होत नाही. टाकीची मध्यरेषा नीडलच्या पातळीला किंवा किंचित खाली हवी.

इंजिन चालू करून गरम होऊ द्या. मेन नीडल (पूर्ण वेगाचं इंधन ठरवणारी) सैल ठेवून थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्रोपेलरच्या मागे उभं राहूनच नीडल एकेक क्लिक घट्ट करत जा. फडफडणारा आवाज हळूहळू एकसुरी, तीक्ष्ण होतो. वेग वाढायचा थांबला की तिथून उलट फिरा आणि टॅकोमीटरवर (फेरे मोजणाऱ्या यंत्रावर) २०० ते ४०० आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, उतरेपर्यंत नीडल सैल करा. ते वरचे आरपीएम सोडवत नाहीत, हे खरं. पण हवेत प्रोपेलरवरचा भार हलका होऊन वेग आपोआप वाढतो आणि इंधनाची भूकही वाढते. त्यात टाकी रिकामी होत जाते, तसं मिश्रण आणखी लीन होतं. हा फरक आधीच ठेवायचा असतो.

आता पूर्ण थ्रॉटलवर इंधनाची नळी क्षणभर चिमटीत दाबून सोडा. वेग जरा चढून मग पडला तर ठीक. न चढताच पडला तर लीन. मग एकाला विमान घट्ट धरायला सांगून नाक आकाशाकडे करा. दहा सेकंदांत आवाज बसू लागला तर दोन क्लिक सैल करा.

लो-एंड नीडल, म्हणजे कमी वेगाचं इंधन ठरवणारी, त्यानंतर. थोडा वेळ आयडलवर (सगळ्यात कमी वेगावर) ठेवून थ्रॉटल झटकन उघडा: धूर सोडत अडखळलं तर रिच (इंधन जास्त), लगेच मेलं तर लीन.

उडताना मागे धुराची पुसट रेघ दिसायला हवी. चढताना आवाज खाली आला तर थ्रॉटल कमी करून सरळ उतरवा, ‘अजून एक फेरी’ नको. उतरल्यावर प्लग काढून पाहा. तार चकचकीत असेल तर छान. राखाडी, खरबरीत किंवा वाकडी दिसली तर मिश्रण लीन होतं. नीडल बरोबर असूनही इंजिन तापत असेल तर काउल (इंजिनावरचं झाकण) तपासा: हवा बाहेर पडायची वाट आत शिरण्याच्या वाटेच्या निदान दुप्पट हवी.

दुपारच्या उन्हात लावलेली नीडल थंडीतल्या सकाळी लीन ठरते, कारण गार हवा दाट असते. त्या दिवशी दोन-तीन क्लिक सैल करून सुरुवात करा.