जुन्या फ्रीव्हीलवर दातेरी चक्रे बसवताना

जुन्या सायकलींच्या फ्रीव्हीलवर (मागच्या चाकावरील, एकाच दिशेने चाकाला ओढणाऱ्या दातेरी चक्रांच्या संचावर) सगळी चक्रे एकाच पद्धतीने बसत नाहीत, म्हणून जोडणीआधी प्रत्येक चक्राची आतली कड तपासावी. पुष्कळ फ्रीव्हीलांत मोठी चक्रे गाभ्यावरील खाचांत सरकवून बसतात, तर लहान चक्रांना आटे असून ती फिरवून घट्ट करावी लागतात. काही जुन्या बनावटींत मात्र सर्वांत मोठी चक्रे मागच्या बाजूने उलट्या आट्यांवर चढतात. अशी चक्रे असल्यास ती सर्वांत आधी बसवावीत, आणि आट्यांची दिशा नीट न पाहता जोर लावू नये, कारण एकदा आटे झिजले की गाभा बहुधा वाया जातो.

आटे स्वच्छ पुसून त्यांना ग्रीसचा पातळ थर द्यावा. मग मोठ्याकडून लहानाकडे जात चक्रे चढवावीत आणि त्यांच्यामधले स्पेसर (अंतर राखणाऱ्या कड्या) मूळ क्रमानेच ठेवावेत. जाडीत थोडाही फरक पडला तर साखळी शेजारच्या चक्राला घासते. (उतरवतानाच स्पेसर तारेत ओवून ठेवणे शहाणपणाचे.) पुढून चढणारी आट्यांची चक्रे उजवीकडे फिरवून हातानेच बसवावीत, शेवटी चेन व्हिपने (साखळीचा तुकडा लावलेल्या दांड्याने) बेताने आवळावीत, पेडल मारताना ती आपोआप आणखी घट्ट होतात.