पंचायतीपर्यंत आलेलं नेट आपल्या गल्लीत कसं आणायचं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून जांबोटी-कणकुंबीकडं निघालं की मोबाईल कधी कर्नाटकचा टॉवर धरतो कधी गोव्याचा, आणि घराच्या परड्यात गेलं की दोन्ही गायब. स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला पोरींना बस धरून तालुक्याला जावं लागतं हे मला अजिबात पटत नाही, म्हणून जे करून बघितलं ते लिहितोय.

पहिलं काम, पंचायत ऑफिसात जाऊन बघा. भारतनेटची योजना २०११ ची आहे, देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरनं जोडायची, म्हणजे केबल बऱ्याच ठिकाणी पंचायतीच्या भिंतीपर्यंत आलेली असते आणि गावाला पत्ताच नसतो. आमच्याकडं फायबरच्या मशीनची पेटी होती पण बॅटरी मेलेली, लाईट गेली की मशीन बंद, आणि ते कुणी बघायचं हेच ठरलेलं नव्हतं. पेटीवरचे दिवे चालू आहेत का बघा, नसतील तर तिथूनच सुरुवात.

आता महत्त्वाचं. एकट्यानं कनेक्शन मागितलं की "तुमच्याकडं फिजिबल नाही", म्हणजे जमणार नाही, एवढंच उत्तर मिळतं. कारण साधं आहे, एका फायबरवर स्प्लिटर, म्हणजे फाटे फोडणारं छोटं साधन, लावून ३२ घरांना नेट देता येतं, पण खांब आणि केबलचा खर्च एका घरासाठी केला काय आणि वीस घरांसाठी केला काय, जवळपास तेवढाच. अंतराची भीती नको, नेट पाठवणाऱ्या मशीनपासून २० किलोमीटरपर्यंत फायबर चालते, वाडी चार किलोमीटर लांब आहे म्हणून अडत नाही, अडतं ते गिऱ्हाईक कमी म्हणून. म्हणून आधी वहीत नावं लिहा, घर, फोन नंबर, महिन्याला किती देऊ शकतो. आमच्याकडं हे काम बचत गटातल्या बायकांनी केलं, पुरुषांपेक्षा लई लवकर झालं. मग ती यादी घेऊन बीएसएनएलच्या ऑफिसात जा आणि तुमच्या भागातल्या केबल टीव्हीवाल्यालाही भेटा, कारण बीएसएनएल गावात फायबर बहुतेक अशाच लोकल पार्टनरकडून देते, त्याला कमाईत वाटा मिळतो, वीस नावं एकदम दिसली की तो स्वतः हिशोब करायला बसतो.

ग्रामसभेत ठराव करून घ्या. अर्जाचं म्हणाल तर राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणं तक्रारीचा अर्ज मराठीत द्यायचा तुम्हाला हक्क आहे, तो सोडू नका, पण सोबत कन्नड प्रत जोडा, फाईल पुढं सरकते हा माझा अनुभव. विजेच्या खांबावरून केबल न्यायची असेल तर हेस्कॉमची (आपल्या भागातली वीज कंपनी) परवानगी पार्टनरनं घ्यायची असते, तोंडी "होतंय की" म्हणाला तर कागद दाखव म्हणा. भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांना वनखात्याला विचारल्याशिवाय खड्डाही मारू नका.

जिथं केबल जातच नाही तिथं ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ, म्हणजे केबलशिवाय नेट पुढं पाठवणारं यंत्र, लावता येतो, शाळेच्या छतावरून देवळाजवळच्या खांबापर्यंत. दोन्ही टोकं एकमेकाला दिसली पाहिजेत. आणि हे मे महिन्यात तपासू नका, झाडांना पानं नसतात तेव्हा सगळं दिसतं, जुलैत बघा.

महिन्याचं बिल ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी पीएम-वाणी ही केंद्राची सार्वजनिक वायफायची योजना आहे, २०२० साली मंजूर झालेली. किराणा दुकानदार, डेअरीवाला कुणीही वायफाय लावून छोटी-छोटी पॅक विकू शकतो, लायसन लागत नाही, नोंदणीची फी नाही. या दुकानाला पीडीओ (पब्लिक डेटा ऑफिस) म्हणतात, आणि आपल्याकडं पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यालाही पीडीओच म्हणतात, त्यामुळं बोलताना आधी स्पष्ट करा, आमचा एक अर्ज यातच फिरत राहिला. पूर्वी कंपन्या अशा दुकानदाराकडून भरमसाट पैसे मागायच्या, २०२५ साली ट्रायनं, म्हणजे टेलिफोन-नेट कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, सांगितलं की २०० एमबीपीएसपर्यंतचा घरगुती फायबर प्लॅन त्याला घरगुती दराच्या दुप्पटीपेक्षा जास्त दरानं द्यायचा नाही. हा नियम माहीत असू दे, भाव करताना उपयोगी पडतो.

नेट आलं म्हणजे काम संपलं नाही. घरातल्या फायबरच्या मशीनवर एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) दिवा लाल झाला की समजायचं फायबर कुठंतरी तुटली किंवा फार वाकली, राउटर सतरांदा बंद-चालू करून काही होत नाही, तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, लिहून ठेवा. नुसत्या फोनवर विश्वास नको, त्या नंबरशिवाय पुढं अपील करता येत नाही. तरी हलले नाहीत तर केंद्राच्या सीपीग्राम्स या तक्रारींच्या पोर्टलवर टाका, बीएसएनएलची तक्रार तिथं घेतात. रस्त्याच्या कामाला जेसीबी आला की आधी ड्रायव्हरला केबल कुठून गेलीय ते दाखवा, आमच्याकडं नेट बंद पडायचं सगळ्यात मोठं कारण तेच. लाईट जाते म्हणून राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या. आणि केबल टाकतानाच प्रत्येक घराजवळ पाच-सहा मीटर जास्तीची गुंडाळून ठेवायला सांगा, पावसात फांदी पडून तुटली तर तीच पुढं ओढून जोडता येते, नवीन केबलची वाट बघत बसावं लागत नाही.