खाणीवर चालणाऱ्या देशाची ग्रोथ समजून घेताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या पोरांचे सराव पेपर तपासायचं काम करतो मी, आणि 'खनिज निर्यातीवर अवलंबून देशाची आर्थिक वाढ' असा प्रश्न आला की पहिल्या चार ओळींतच कळतं पुढे काय येणार ते. आधी 'शाप की वरदान', मग डच डिसीज (तो काय ते शेवटी येतंच), मग तेलाचा पैसा साठवणारा नॉर्वे, आणि शेवटी मूल्यवर्धन, म्हणजे कच्चं न विकता पक्का माल करून विकणे, केले पाहिजे. देश कुठला? कुठलाच नाही, हवेत सगळं. म्हणून हल्ली मी सांगतो की बाबांनो एक देश पकडा आणि त्याला सोडू नका. मी झांबिया धरतो. आफ्रिकेतला तांब्याचा देश, एक्सपोर्टमधले साधारण ७० टक्के पैसे आजही तांब्याचे, १९६४ ला स्वतंत्र झाला तेव्हा तर हेच प्रमाण ९० च्या वर होतं. साठ वर्षांत बहुतेक सगळ्या चुका करून झाल्यात त्यांच्या, त्यामुळे शिकायला एकदम बरा.

ग्रोथ रेट बघून खूश होऊ नका (आणि रडूही नका)

२०१५ घ्या. त्या वर्षी झांबियाचा जीडीपी वाढला, जवळपास ३ टक्के. आणि त्याच वर्षी क्वाचा, म्हणजे त्यांचं चलन, धाडकन आपटलं, खाणींनी हजारो माणसं कमी केली, सरकारी तिजोरीत खडखडाट. एका पोराने मला विचारलंच, सर वाढ प्लसमध्ये आहे मग बोंब कसली?

बोंब अशी की रिअल जीडीपी टन मोजतो, तेही एका ठरलेल्या वर्षाच्या भावाने. तांबं २०११ च्या सुरुवातीला टनाला १०,००० डॉलरच्या वर गेलं होतं, २०१६ च्या जानेवारीत साडेचार हजारांच्या आसपास आलं. आता समजा एक ट्रॅक्टर बाहेरून आणायचाय आणि तो २०,००० डॉलरला पडतो, तर आधी २ टन तांबं दिलं की काम व्हायचं, आता जवळजवळ साडेचार टन. खाणीत घाम तेवढाच, खोदाई तेवढीच, टनही तेवढेच, म्हणून जीडीपीच्या हिशोबात काही बिघडलेलंच नाही, पण घरात येणारा माल निम्म्याहून कमी झाला ना!

उपाय सोपा आहे. कागदावर तीन कॉलम पाडा. टन किती काढले, भाव काय होता, डॉलरला क्वाचा किती. तीन आकडे शेजारी शेजारी आले की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. उलट बाजूनेही हेच, भाव दुप्पट झाला म्हणून सरकारकडे पैसा आला तर त्याला 'विकास झाला' म्हणू नका, एकही टन जास्त निघालेला नसतो.

भाव पडला तर चार दिवसांचा, चढला तर कायमचा

माझ्या मते सगळ्यात महाग पडलेली चूक हीच, आणि झांबियाने ती दोनदा केली.

पहिली वेळ पहिले राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा यांच्या काळात. १९६९ ला सरकारने खाणींत ५१ टक्के हिस्सा घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा तांबं जोरात होतं, वर्षाला ७ लाख टनांच्या वर निघत होतं. शाळा, दवाखाने, रस्ते, मक्याला सबसिडी, सगळं त्यातून. १९७५ पर्यंत भाव कोसळला होता. सरकारला वाटलं येईल वर, तोपर्यंत उसने काढू. भाव आला नाही, कर्ज मात्र वाढत गेलं, आणि खाणीत नवीन मशिन, नवीन शाफ्ट (खाली उतरायची उभी विहीर) यात घालायचा पैसा भलतीकडे जात राहिला. २००० साल उजाडेपर्यंत उत्पादन अडीच लाख टनांच्या आसपास आलं होतं. एका पिढीत दोन तृतीयांश गेलं, आणि जमिनीतलं तांबं संपलं म्हणून नाही.

दुसरी वेळ अगदी अलीकडची. २००५-०६ च्या सुमारास जुनं बहुतेक परदेशी कर्ज माफ झालं. पाटी कोरी. चीनच्या मागणीने भाव वर, वाढ दरवर्षी ७ टक्क्यांच्या आसपास, आणि २०१२ मध्ये झांबियाने ७५ कोटी डॉलरचे बाँड विकले, साधारण साडेपाच टक्क्याने, तेव्हा अर्ध्या जगाने रांग लावली होती. मग २०१४ ला १०० कोटी, साडेआठ टक्क्याने. २०१५ ला १२५ कोटी, ९ टक्क्यांच्या जवळ. हा व्याजाचा जिना बघा जरा. भाव उतरतोय, व्याज चढतंय, आणि आपण अजून उचलतोय! शिवाय कर्ज डॉलरमध्ये आणि टॅक्स क्वाचात, म्हणजे क्वाचा पडला की एक रुपयाही नवीन न घेता कर्ज फुगतं. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ४ कोटी २५ लाख डॉलरचा एक हप्ता चुकला, आणि कोरोनाच्या काळात दिवाळं निघालेला आफ्रिकेतला पहिला देश हा शिक्का बसला.

ट्रबलशूटिंग करायचं तर चिली बघा, नॉर्वे नको. तोही तांब्याचाच देश. २००१ पासून त्यांनी नियम केला की बजेट आजच्या भावावर नाही करायचं, तज्ज्ञांची समिती पुढच्या बऱ्याच वर्षांचा सरासरी भाव काय धरायचा ते सांगते आणि खर्च त्यावर बसवायचा. वरचा पैसा बाजूला. २००८ च्या शेवटी तांबं ३,००० डॉलरच्या खाली गेलं तेव्हा चिलीकडे खर्चायला पैसे होते. नियम असा काही भारी गुंतागुंतीचा नाही, भाव चढलेला असताना पाळणं अवघड, बास.

खाण म्हणजे पगार नाही

हे समजावताना मी अर्थशास्त्र बाजूला ठेवतो आणि गुंठामंत्री सांगतो. हिंजवडीच्या पलीकडे आमच्या लांबच्या नात्यातले एक काका आहेत, त्यांची जमीन गेली तेव्हा घरात एवढा पैसा आला की पांढरी गाडी, गळ्यात चेन, पोराच्या लग्नाला दोन हजार पान. त्या वर्षी गावात सगळ्यात जास्त 'उत्पन्न' काकांचं. खरंतर ते उत्पन्न नव्हतंच, आठ एकर कमी झालं होतं. गाडी आता दारात धूळ खात असते आणि पोरगा दुसऱ्याच्या गोडाऊनवर सुपरवायझर आहे.

जीडीपी काकांच्या त्या वर्षासारखा मोजला जातो. काढलेलं तांबं कमाईत धरतात, जमिनीतून कमी झालेलं कुठेच वजा होत नाही. म्हणून खाणीवाल्या देशाबाबत विचारायचा प्रश्न हा, की जमिनीतलं गेलं त्याच्या बदल्यात वर काय उभं राहिलं?

आफ्रिकेतल्याच बोट्स्वानाचं नाव इथे येतं. १९६६ ला स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या अगदी गरीब देशांत होता, पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. सरकारने खाण कंपनीत निम्मी भागीदारी घेतली, हिऱ्यांचा पैसा रोजच्या खर्चात न घालता शाळा, दवाखाने, रस्ते यात घालायचा असा दंडक ठेवला, आणि १९९४ ला पुला फंड काढून उरलेलं परदेशात गुंतवलं. पुला म्हणजे त्यांच्या भाषेत पाऊस, चलनाचं नावही तेच. दुष्काळी मुलखातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडचं उदाहरण हवंच असेल तर गोवा. चीनच्या मागणीवर कमी प्रतीचं लोहखनिजसुद्धा खपत होतं, मांडवीतून बार्जच्या रांगा, आणि २०१२ ला सगळं एकदम बंद. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीतला १० टक्के पैसा पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत टाकायला सांगितला. ट्रकवाल्यांचे हप्ते मात्र त्याआधीच थकले होते.

जीडीपी देशात झाला म्हणजे देशाचा झाला असं नाही

नव्वदच्या दशकाच्या शेवटी झांबियाने खाणी परदेशी कंपन्यांना विकल्या, तेव्हा तांबं पार तळाला होतं आणि गिऱ्हाईक मिळेना, त्यामुळे करारांत रॉयल्टी, म्हणजे काढलेल्या खनिजावर सरकारला द्यायचा वाटा, ठेवली ०.६ टक्के. टक्काही नाही. पुढे भाव वाढला तेव्हा जीडीपी झांबियाचा वाढला आणि नफा कंपनीचा. २०११ मध्ये देश मध्यम उत्पन्न गटात गेला, आणि गरिबी रेषेखालची लोकसंख्या २०१५ ला ५४ टक्के होती ती २०२२ ला ६०. म्हणून जीडीपीच्या शेजारी जीएनआय (देशातल्या लोकांच्या वाट्याला खरंच आलेलं उत्पन्न) बघा, आणि खाणीत काम किती जणांना मिळतं तेही, कारण आजकालची खाण म्हणजे मशिनच जास्त.

आता यावरून पोरं लगेच लिहितात, 'टॅक्स वाढवावा'. वाढवला की! २००८ ला जुने करार मोडून विंडफॉल टॅक्स (भाव चढल्याने झालेल्या जादा कमाईवरचा कर) आणला, भाव पडल्यावर २००९ ला काढला, २०१५ ला उघड्या खाणींवर रॉयल्टी थेट २० टक्के केली, सहा महिन्यांत ९ वर आणली. कंपनीच्या जागी तुम्ही असता तर वीस वर्षं चालणारा शाफ्ट खणला असता का? दर थोडा कमी चालेल, पण भावाबरोबर आपोआप वरखाली होणारा हवा, आणि त्याचा नियम दरवर्षी न बदलणारा.

बाकी किरकोळ पण मार्क खाणाऱ्या

डच डिसीज म्हणजे 'खनिजावर अवलंबून राहणे' नाही. डॉलर आत येतात, चलन महाग होतं, आणि बाकीचे एक्सपोर्टवाले मरतात, तो डच डिसीज. २००५-०६ ला क्वाचा झपाट्याने वधारला तेव्हा झांबियातले गुलाब आणि भाजी युरोपात पाठवणारे ओरडत होते, हे एक वाक्य लिहिलंत तरी पुरे.

मूल्यवर्धन लिहायचं तर पुढचं वाक्यही लिहा, वीज कुठून आणणार. तांबं वितळवायच्या भट्ट्या झांबियात आधीपासून आहेत, पण वीज ८० टक्क्यांहून जास्त पाण्यावरची, म्हणजे दुष्काळ पडला, करिबा धरण आटलं, की लोडशेडिंग. २०१५ ला झालं, २०२४ ला त्याहून वाईट झालं.

आणि बोट्स्वानाची आरती ओवाळून थांबू नका. हिरा नीट सांभाळला त्यांनी, पण हिऱ्याच्या बाहेर फारसं काही उभं राहिलं नाही, आणि आता लॅबमधला हिरा आला, ज्यातला भरपूर माल आपल्या सुरतेत बनतो. २०२४ ला त्यांची अर्थव्यवस्था आकसली, आणि ५८ वर्षं सत्तेत असलेला पक्ष निवडणुकीत हरला.

परवा एका पोरीचा पेपर आला. झांबिया धरलेला, तीन कॉलम नीट पाडलेले, आणि शेजारी चौथा कॉलम स्वतःच्या मनाने, वर लिहिलेलं 'करिबातलं पाणी'. खूश झालो. मग पान उलटलं तर खाली नॉर्वे होताच, अर्धा मार्क कापला.